बाईकवर बसायचं नाही

म्युंडेन, जर्मनी
८ जून २०२४

प्रिय आजी,

जयभीम. फॅमिली ग्रुपवर न लिहिता तुला वेगळं ईमेल करतेय म्हणून घाबरू नकोस. तब्येत छान आहे, दोन्ही वेळ जेवतेय. पण ग्रुपवर काही टाकलं की आईबाबांपासून पुण्याच्या मावशीपर्यंत सगळे उत्तर देतात, आणि फोनवर तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं. शिवाय मला जे विचारायचंय ते बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं. मराठीत चुका सापडतील. तूच शिकवलंयस, तेव्हा निम्म्या तुझ्या.

गाव फार गोड आहे. लाकडी चौकटीची जुनी घरं, थोडी वाकडी, एकमेकांना टेकून उभी. वेरा आणि फुल्डा अशा दोन नद्या गावाच्या टोकाला भेटतात आणि तिथून पुढे दोघींचंही नाव संपतं. पुढची नदी वेझर. आम्ही तिच्यातला गाळ मोजतो. स्टेट कॉलेज गावातल्या आमच्या युनिव्हर्सिटीतून आम्ही दोघंच आलोय, मी आणि कुमार. बाकी सगळे इथलेच.

आता मुद्दा. इथे सगळे बाईकवर असतात. आमच्या प्रोफेसरबाई साठीच्या पुढच्या आहेत, केस पांढरे, रोज बाईकवर लॅबला येतात. खालच्या मजल्यावरच्या आजी ब्रेड आणायलासुद्धा बाईक काढतात. नदीच्या काठाने बाईकसाठी वेगळा रस्ता आहे, मैलोन्‌मैल, आणि त्यावर मोटारींना बंदी आहे. मी ग्रुपवर एकही बाईक दिसेल असा फोटो टाकला नाही. मुद्दाम. तुला त्रास होऊ नये म्हणून.

पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी आमचा सगळा ग्रुप नदीकाठाने पुढच्या गावापर्यंत जाणार आहे. मला बाईक चालवता येत नाही. कुमार म्हणतो, रिकाम्या पार्किंगमध्ये आठवडाभरात शिकवतो. मी त्याला म्हटलं, एका माणसाला विचारावं लागेल.

आजी, तुला आठवतं ना? प्रितमकाका गेले त्या वर्षी तू पहिल्यांदा अमेरिकेत आलीस. मी सहा वर्षांची होते. माझ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून तू म्हणालीस, मी देवाबिवाची शपथ घालत नाही, मला फक्त शब्द दे. बाईकवर कधीही बसायचं नाही. मी दिला. तू रडत होतीस, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. आणि तेव्हापासून मी एकदाही बसले नाही. मित्र हसले तरी नाही. बाबा अजून मला भित्री भागूबाई म्हणतात, तेव्हाही कारण सांगितलं नाही.

तुला न सांगता बसले असते तर कळलंही नसतं. पण रोज सकाळी तुझ्याबरोबर पंचशील म्हटलेलं आहे, आणि खोटं बोलायचं नाही हे त्यात येतं. म्हणून विचारते. माझा शब्द मला परत देशील?

तुझी,
मैत्री


अल्फारेटा, अमेरिका
१० जून

चि. मैत्रीस,

अनेक आशीर्वाद. पत्र मोठी अक्षरं करून दोनदा वाचलं. नाही म्हणजे नाही.

साठीच्या बाईला बाईक कशाला हवी? तिला घरी कोणी विचारणारं नाही का? आणि ब्रेड आणायला बाईक? पावाच्या दुकानापर्यंत चालत जायला त्या म्हातारीचे पाय झिजतात काय? मी इथे रोज कॉलनीला दोन फेऱ्या मारते. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नसतं, कुत्री फिरवणारे तेवढे भेटतात, पण मी चालते. मोटारींना बंदी आहे म्हणतेस, म्हणजे सगळी पोट्टी त्या रस्त्यावर मोकाट सुटत असतील. शेजारच्या विवेकला सहज विचारलं, तर तो म्हणाला, जर्मनीत वेगाला धरबंधच नाही, लोक वाटेल तसे पळवतात. त्याने हे फार कौतुकाने सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मैत्री, मी आयुष्यभर नर्स होते. बाईकवरून पडलेली किती मुलं माझ्या हातांखालून गेली त्याचा हिशेब नाही. त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. त्यांना काय सांगायचं ते मला पाठ झालं होतं. मग एक दिवस प्रितमला आणलं, आणि मी ड्युटीवर होते. यापुढे लिहीत नाही.

तू अजून शब्द पाळतेस हे वाचून मला वाटलं, माझं बाळ ते बाळच. आता तो मोडू नकोस. तुझ्याशिवाय मला नात नाही. त्या ग्रुपबरोबर आगगाडीने जा, बोटीने जा. नदी आहे तर बोट असेलच.

दोन नद्या भेटल्या की दोघींचंही नाव जातं हे मात्र बरं वाटलं. आमच्याकडे लग्नात एकीचंच जायचं.

आणि हा कुमार कोण? आडनाव का लिहिलं नाहीस? गाव कोणतं? मुलगी मिळाली की बाईकवर मागे बसवायची हा या वयातल्या पोरांचा उद्योग असतो. मला शिकवू नकोस.

तुझ्या बाबाला, अनुपला, मी काही सांगितलेलं नाही. तो उगाच कासावीस होईल. प्रितमचं नाव निघालं की तो अजूनही ताटावरून उठतो.

तुझी,
आजी


म्युंडेन
२३ जून

प्रिय आजी,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल सॉरी. खरं सांगू? मी रागावले होते. तुझ्यावर नाही, कुणावर ते कळत नव्हतं. आता राग गेलाय. काल शनिवार होता आणि मी शब्द पाळला. कसा, ते सांगते, कारण त्यात थोडं हसण्यासारखंही आहे.

कुमारने माझ्या नावाने बाईक आधीच आणून ठेवली होती. सगळ्यांचं जेवण माझ्याकडे होतं. तुझ्यासारख्या तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, बटाट्याची भाजी, चेरी. ते सगळं माझ्याच बाईकच्या पुढच्या टोपलीत भरलेलं. निघायच्या वेळी मी सांगितलं, मी बसणार नाही. मग मला एक सुचलं. शब्द काय होता? बाईकवर बसायचं नाही. बाईकबरोबर चालायचं नाही असं तू म्हणाली नव्हतीस. म्हणून ते पुढे गेले आणि मी हँडल धरून बाईक ढकलत निघाले.

आजी, तो रस्ता किती सुंदर आहे! एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कुरणं, पलीकडे जंगलाच्या टेकड्या. नदीवर धुकं होतं, ते हळूहळू वर गेलं. गवत नुकतंच कापलेलं, त्याचा वास. लाल छपरांची छोटी छोटी गावं आणि प्रत्येक गावाला टोकदार चर्च. मी सगळं सावकाश पाहिलं, कारण दुसरा इलाजच नव्हता.

पण मागून येणारा प्रत्येक माणूस घंटी वाजवायचा, माझ्याजवळ थांबायचा आणि विचारायचा, "कापुट?" म्हणजे मोडली का. मी नाही म्हणायचे. मग ते चेन बघायचे, ब्रेक बघायचे. एका काकांनी तर स्वतःचा पंप काढला आणि माझं चाक दाबून पाहिलं. हवा भरपूर होती. त्यांना काही केल्या कळेना. मला जर्मन येत नाही, काय सांगणार? मला आजीला जर्मनमध्ये काय म्हणतात तेवढं माहीत होतं. मी म्हटलं, "ओमा." त्यांनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे मान हलवली.

पेडल सारखं माझ्या पोटरीला लागत होतं, तिथे काळंनिळं झालंय. अर्ध्या वाटेवर कुमार उलटा परत आला. खाली उतरला आणि स्वतःची बाईक ढकलत माझ्याबरोबर चालायला लागला. आम्ही पोचलो तेव्हा सगळे भुकेने व्याकूळ होऊन बसले होते. पुऱ्या बघता बघता संपल्या.

तर असं. तू काळजी करू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
मैत्री


अल्फारेटा
२४ जून

मैत्री,

आधी मला एक सांग. बाईकला पेडल कशाला?

तुझं पत्र मी सकाळी वाचलं आणि पुऱ्यांपर्यंत पोचून थांबले. बाईकला पुढे टोपली? मग पुढे वाचलं तर कोणी घंटी वाजवतंय, कोणी चेन बघतंय, कोणी पंप काढतंय. मला वाटलं, जर्मनीतल्या बाईक काही वेगळ्याच असतील. आणि एवढी वजनदार बाईक माझी ही काडीपैलवान पोरगी चालत ढकलत नेते? दिवसभर डोक्यात तेच. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा राहवलं नाही. मी अनुपला विचारलं, "का रे, बाईकला टोपली असते?"

तो म्हणाला, "असते की. बायकांच्या बाईकला असते."

"आणि पेडल?"

"आई, पेडलशिवाय बाईक चालेल कशी?"

"पेट्रोलवर!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सोनलने माझ्याकडे पाहिलं. मग सोनल म्हणाली, "आई, इकडे बाईक म्हणजे सायकल. आपल्या बाईकला हे लोक मोटरसायकल म्हणतात."

माझा घास हातातच राहिला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्या खोलीतलं, पलंगाच्या कडेवरचं, तुझी पत्रं, सगळं. क्षमा कर, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अनुप उठून गॅरेजमध्ये गेला. आम्हाला वाटलं, प्रितमचं नाव निघालं म्हणून गेला. बऱ्याच वेळाने आला तो डोळे पुसत. म्हणाला, "आई, तिच्या सहाव्या वाढदिवसाला मी गुलाबी सायकल आणली होती. हँडलला झिरमिळ्या होत्या. आदल्या दिवशी ती बघून नाचत होती आणि दुसऱ्या दिवसापासून हातच लावेना. मी किती ओढलं, किती रागावलो. शेवटी शेजारच्या शिवांगीला देऊन टाकली. मला वाटलं, माझी मुलगी भित्री आहे."

मला एकदम हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, मग दोन्ही एकदम. सोनल पाणी घेऊन धावली, तर तीही तशीच. अनुप तुला फोन लावायला निघाला होता. मी म्हटलं, तिकडे मध्यरात्र उलटलीय, पोरीला झोपू दे. आणि तिने मला पत्रातून विचारलंय, उत्तरही पत्रातूनच जाईल.

तर ऐक. मी सायकलला कधीही नाही म्हटलेलं नाही. मी म्हणेन तरी कशी? माझा सगळा संसार सायकलवर झाला! काळी लेडीज सायकल होती माझी. पांढरी साडी नेसून मी तिच्यावरून ड्युटीला जायची आणि रस्त्यातली माणसं वळून बघायची. आमच्या वस्तीत सायकल चालवणारी मी पहिली बाई. सासूबाई म्हणाल्या होत्या, लोक काय म्हणतील. तुझे आजोबा म्हणाले, लोक बाजूला होतील. पुढच्या टोपलीत डबा, मागे कॅरिअरवर प्रितम. हॉलमधल्या फोटोत तो ज्या सायकलवर टेकून उभा आहे ना, ती तीच.

तो गेला तो मोटरसायकलवरून. तिची भीती मला मरेपर्यंत राहील, आणि मोटरसायकलबद्दलचा तुझा शब्द मी काही परत देत नाही, तो माझ्याकडेच राहू दे. पण सायकलचा शब्द मी कधी घेतलाच नव्हता गं. तू उगाचच पाळत बसलीस, वेडाबाई!

छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय. पंधरा दिवस मी डोळ्यांसमोर काय काय बघत होते, आणि तू तिकडे टोपलीत पुऱ्या घेऊन चालत होतीस.

हे पत्र वाचून झालं की उठ आणि सायकलवर बस.

तुझी,
आजी

ता. क. : अर्ध्या वाटेवरून उलटा आला आणि उतरून चालला, तो मुलगा बरा दिसतो. आडनाव?


म्युंडेन
३० जून

आजी!

मी तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की प्रोफेसरबाई धावत आल्या. त्यांना सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. त्या खूप हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, आज गाळ राहू दे, नदी कुठे पळून जात नाही. तू शिकून घे.

पार्किंगमध्ये कुमारने मागून सीट धरलं. मी तीन वेळा पडले, गुडघा सोलला, आणि एकदा तर एका दुकानाच्या फुलांच्या कुंडीत गेले. चौथ्या वेळी मी म्हणत होते, सोडू नको, सोडू नको, आणि मागून उत्तरच येईना. वळून पाहिलं तर तो कुठल्या कुठे राहिला होता. तो ओरडला, "अरे यार, मागे काय बघतेस, पुढे बघ!"

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. मला आजपर्यंत वाटायचं की काका त्याच सायकलवरून गेले. फोटोतल्या. सगळे म्हणायचे बाईक अॅक्सिडेंट, आणि फोटोत तर बाईकच होती! विचारायची हिंमत नव्हती, कारण बाबा उठून जायचे. मी हॉलमधून जाताना त्या भिंतीकडे बघत नसे. आता कळतंय की त्या फोटोत एक मुलगा आईच्या सायकलला टेकून हसतोय, एवढंच आहे. मी आईकडून तो मागवला आणि फोनवर मोठा करून पाहिला. त्यांचा एक दात पडलेला आहे. मला माहीतच नव्हतं.

काल मी पुन्हा त्याच रस्त्याने गेले. बसून! आजी, वारा तोंडावर येतो आणि आपलं आपल्याला पुढे नेता येतं. ज्या वाटेला त्या दिवशी सगळी सकाळ गेली ती गाणं म्हणता म्हणता संपली. तिथे पलीकडे न्यायला एक तराफ्यासारखी बोट आहे. तिला इंजिनच नाही. वर तार बांधलेली असते, नावाडी बोट थोडी तिरपी करतो आणि नदीच तिला पलीकडे ढकलते. आम्ही सायकलींसकट त्यावर चढलो. पाण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी रडले, आणि कुमारने नदीकडे बघत असल्याचं नाटक केलं.

येताना समोरून ते पंपवाले काका आले. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. ब्रेक दाबून उभे राहिले आणि ओरडले, "ओमा?"

मी म्हटलं, "ओमा! या, या!" इथे 'या' म्हणजे हो. त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मला हात दाखवायचा होता, पण हँडल सोडायची अजून हिंमत नाही. मी फक्त घंटी वाजवली, बराच वेळ.

मोटरसायकलवर मी कधीच बसणार नाही. तो शब्द खरोखर दिला असं आता समज.

तुझी,
मैत्री

ता. क. : वासनिक. भंडारा. त्याची आईही नर्स आहे. झालं समाधान?


अल्फारेटा
७ जुलै

चि. मैत्रीस,

वासनिक, भंडारा. ठीक आहे. मी काही म्हणत नाही. इकडे आलात की एकदा जेवायला घेऊन ये, एवढंच.

तुझं पत्र मी या खेपेला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. दाताचं वाचलं तेव्हा मला वाटलं, आता अनुप उठणार. तो उठला नाही. म्हणाला, "तो दात पडला नव्हता, मी पाडला होता. क्रिकेट खेळताना माझी बॅट लागली. तुला आम्ही सांगितलं, पायरीवरून पडला." म्हणजे बघ, इतकी वर्षं मी त्या पायरीला दोष देत होते! मग तो बोलतच राहिला. प्रितम कसा कॅरिअरवर उलटा तोंड करून बसायचा, मागच्या लोकांना वाकुल्या दाखवायचा. मला यातलं काही माहीत नव्हतं, मी पुढे बघून सायकल मारत होते ना. आम्ही ताटं कोरडी होईपर्यंत बसलो होतो. माझा धाकटा, प्रितम, या घरात पहिल्यांदाच जेवायला आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुप चहा घेताना सवयीने म्हणाला, "आपली भित्री भागूबाई कधी येतेय परत?" मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. म्हटलं, "अरे, सहा वर्षांचं लेकरू. झिरमिळ्यांची सायकल समोर उभी, आणि माझ्या एका शब्दापायी तिने हात लावला नाही. सगळ्यांचं हसू सोसलं, पण मला रडू येईल म्हणून तोंडातून अक्षर काढलं नाही. या घरात तिच्याइतकं धीराचं कोण आहे ते सांग." तो म्हणाला, "कोणी नाही." आता तुला त्या नावाने कोणी हाक मारणार नाही. मारली तर माझ्याकडे ये.

ऑगस्टमध्ये स्टेट कॉलेजला जाण्याआधी चार दिवस घरी येशील तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन बघ. दोन सायकली आहेत. एक तुझी, गुलाबीच आहे, अनुपने ऐकलं नाही. हँडलला झिरमिळ्या मिळाल्या नाहीत तर त्याने सोनलच्या जुन्या ओढणीच्या कापून बांधल्यात. दुसरी माझी. तिला पुढे टोपली आहे, घंटी आहे, आणि चाकं तीन आहेत. विवेकने जोडून दिली. कॉलनीतले कुत्रेवाले आता बाजूला होतात.

मला बघून हसणार नाहीस असा शब्द दे, असं लिहिणार होते. पण नको. दिलास तर पाळत बसशील, आणि मला तर तुला हसताना बघायचंय.

तुझी,
आजी